बोरन्हाणातली तपासणी

संगमनेर,
२ फेब्रुवारी २०२५

ती. देवश्रीताईंना,
भार्गवीचा सा. न.

पत्र बघून हसाल. पुण्यात एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांची ऑपरेशनं करणाऱ्या बाईला चुलत भावजयीने पोस्टाचं पाकीट पाठवावं, म्हणजे भावजयीचं डोकं फिरलंच असणार. पण फोनवर मी दुसऱ्या वाक्याला रडते, तुम्ही “आधी शांत हो” म्हणता, आणि मी शांत होईपर्यंत तुम्हाला ऑपरेशनचं बोलावणं येतं. शिवाय आपल्या घरात फोन स्पीकरवरच असतो. अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि माझी वाक्यं तेच पुरी करतात. हेडमास्तरकी जाऊन बारा वर्षं झाली, सवय गेलेली नाही. सासरे आहेत, त्यांना काय म्हणणार? कागदाला मध्येच कुणी थांबवत नाही, म्हणून कागद.

गेल्या रविवारी अगस्तीच्या बोरन्हाणाला तुम्ही मुद्दाम पुण्याहून आलात, सगळ्यांना फार बरं वाटलं. बोरं-चुरमुरे डोक्यावरून ओतून झाल्यावर अण्णांनी तुम्हाला गाडीतून स्टेथोस्कोप आणायला लावला. तुम्ही त्याच्या गळ्यातला हलव्याचा हार दोन बोटांनी बाजूला केलात, छातीला नळी लावलीत आणि म्हणालात, “छान आहे गं. जरा घुरघुरतो एवढंच. वर्ष-दीड वर्षात आपोआप जाईल.” मग चहा आला. अण्णांनी तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाय, ‘घरचा नातू, घरचा डॉक्टर’. बेचाळीस अंगठे आलेत.

आता मला काय दिसतं ते लिहिते. तो शांत असतो तेव्हा काही नसतं. रडला, कुंथला, किंवा दूध पिताना घाई झाली की छातीतून आवाज येतो. खोकला कुत्रं भुंकल्यासारखा. गेल्या महिन्यात चार वेळा ओठ काळेनिळे पडले. चौथ्या वेळी मी वीस आकडे मोजले तेव्हा श्वास आला. त्याला न्हाऊ घालायला येणाऱ्या आक्काबाई म्हणतात, “बाई, श्वास घेताना न्हाई वाजत, सोडताना वाजतंय. नरड्यातलं न्हाई हे, खालचं हाय.” त्यांच्या हाताखालून शंभर तरी बाळं गेली असतील.

आणि हे कुणाला दिसत नाही, कारण आम्ही त्याला रडूच देत नाही. ओठ वाकडा झाला की सासूबाई धावतात, तुमचा भाऊ अवधूत खुळखुळा वाजवतो, अण्णा श्लोक म्हणतात. सगळं घर त्याच्याभोवती नाचतं.

एकच मागणं आहे. मला तुमच्या ओपीडीत परक्या बाईसारखा नंबर द्या. केसपेपर काढते, रांगेत बसते. उत्तर घरी नको, माझ्या दूध संघाच्या लॅबच्या पत्त्यावर पाठवा.

तुमची,
भार्गवी

*

पुणे,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय भार्गवी,

अगं, पत्र! माझ्या टेबलावर औषध कंपन्यांची पाकिटं सोडून दुसरं काही येत नाही. तुझं अक्षर बघून आधी वाटलं, कुणाच्या लग्नाची पत्रिका.

आता नीट ऐक, रडू नकोस. (बघ, पत्रातही म्हणालेच!) अगस्तीसारखी घुरघुरणारी मुलं मी आठवड्याला दहा बघते. या वयात स्वरयंत्राचा भाग मऊ असतो, श्वासाबरोबर तो फडफडतो आणि वाजतो. शंभरातल्या नव्वद मुलांचं हाडं-मांस घट्ट झालं की ते बंद होतं. वजन वाढतंय ना? हसतो ना? मग झालं. पाजल्यावर अर्धा तास उभा धर, उताणा झोपवताना डोकं जरा उंच ठेव.

आणि मी त्याला माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एवढी बायकांची गर्दी, डोक्यावर बोरांचा मारा, अंगावर टोचणारे हलव्याचे दागिने, आणि हा पठ्ठ्या एकदा कुरकुरला नाही. माझ्याकडे बघत पडून होता, डोळे जड, साधूसारखा. ज्याचा श्वास कोंडतो ते मूल असं पडून राहत नाही. हे पुस्तकातलं नाही, अनुभवातलं सांगते.

ओपीडीत कशाला येतेस? तिथे पन्नास मुलं खोकत असतात, नसलेला आजार घेऊन जाशील. आणि माझी भावजय बाकावर नंबर लावून बसली असं अण्णाकाकांना कळलं, तर मला संगमनेरची वेस ओलांडू देणार नाहीत. मी गुढीपाडव्याला येतेच आहे, तेव्हा सावकाश बघते.

पहिलटकरणीला सगळंच मोठं दिसतं, त्यात तू लॅबवाली. दर गोष्टीचा नमुना काढायची तुला खोड. आक्काबाईंना माझा नमस्कार सांग, म्हणावं पुढच्या वेळी स्टेथोस्कोप त्यांनाच देते.

तुझी,
देवश्री

*

संगमनेर,
२७ फेब्रुवारी २०२५

ती. देवश्रीताई,

पत्र मिळालं. त्याच्या आधी तुमचा अण्णांना आलेला फोनही सगळ्यांनी स्पीकरवर ऐकला. “भार्गवी फार घाबरलीय, तिच्याकडे जरा लक्ष द्या” असं तुम्ही म्हणालात. तुमच्या मनात चांगलंच असेल. पण मी लक्ष मागितलं होतं ते मुलाकडे. त्या दिवसापासून घरात माझ्याकडे लक्ष दिलं जातंय. सासूबाई मला रात्री शतावरीचं दूध देतात आणि अवधूत म्हणतो, “थोडे दिवस रजा घे, विश्रांती घे.” मी काही बोलले की सगळे एकमेकांकडे बघतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दहा तारखेला मी त्याचा व्हिडिओ काढला. निळा पडलेला, पूर्ण. तुम्हाला पाठवणार होते. सासूबाईंनी हातातून मोबाईल घेऊन व्हिडिओ पुसून टाकला. लेकराचं असलं चित्र काढून ठेवू नये, अशुभ असतं म्हणे. अवधूत समोर होता. तो म्हणाला, “ताईने बघितलंय ना? मग?”

मग मी इथल्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले, घरी न सांगता. त्यांनी आडनाव विचारलं, तुमचं नाव निघालं, आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडमनी स्वतः तपासलंय? मग मी काय वेगळं सांगणार? त्यांच्या शब्दावर शब्द कसा टाकू?” फीसुद्धा घेतली नाही. घरी कळलं तेव्हा अण्णा म्हणाले, “काखेत कळसा आणि गावाला वळसा!” ताई, तुमचं एक वाक्य या तालुक्यातल्या सगळ्या डॉक्टरांना पुरलं.

माझ्या खोडीबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. आमच्या संघात चेअरमनच्या गोठ्यातलं दूध आलं तरी नमुना काढल्याशिवाय टाकीत जात नाही. गेल्या वर्षी त्यांच्याच कॅनला आंबूस वास होता. मी परत पाठवला, त्यांनी ब्रदेखील काढला नाही. ओळखीच्या माणसाचं दूध चांगलं असतं असं आमच्या लॅबमध्ये कुणी मानत नाही.

मी पाडव्यापर्यंत थांबणार नाही. सोमवारी, दहा मार्चला रजा टाकलीय. सकाळच्या एसटीने त्याला घेऊन पुण्याला येते. केसपेपर काढीन, नंबर येईल तेव्हा आत येईन. तुम्ही ओळख दाखवू नका. मला वाईट वाटणार नाही, उलट बरंच वाटेल.

भार्गवी

*

पुणे,
१९ एप्रिल २०२५

प्रिय भार्गवी,

तुम्ही घरी पोचून आठवडा झाला. इथे पस्तीस दिवस तू अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसलीस आणि आपण दोघी धड बोललो नाही. मी रोज आतून यायचे, तू उठून उभी राहायचीस, परक्या डॉक्टरसमोर राहतात तशी. मला ते फार लागलं. म्हणून जे तिथे घाईत सांगितलं ते आता नीट लिहिते.

आठ मार्चला तो घरी रडता रडता निळा पडला आणि श्वास आलाच नाही. तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून त्याला जिवंत इथवर पाठवलं, हे त्यांचं मोठं काम. इथे आल्यावर मशीन काढायला गेलं की तो पुन्हा कोंडायचा. म्हणून आम्ही त्याला अर्धवट गुंगीत, स्वतःचा श्वास चालू ठेवून, दुर्बिणीने आतून पाहिलं. पूर्ण भूल दिली तर हा आजार दिसत नाही. तेव्हा कळलं की दोष स्वरयंत्राचा नाही, खाली श्वासनळीचा आहे. तिची मागची भिंत सैल आहे. श्वास सोडताना, जोराने रडताना, ती पुढे येऊन नळी बंद करते. उसाच्या रसात फार वेळ राहिलेली कागदी नळी चिपटते ना, तसं.

पूर्वी यासाठी छाती उघडायला लागायची, नाहीतर गळ्याला भोक पाडून वर्षानुवर्षं नळी. आपण बरगड्यांमधून तीन बारीक छिद्रं केली, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. त्यातून दुर्बीण आणि हत्यारं आत नेऊन ती सैल भिंत मागे कण्यावरच्या चिवट पट्टीला टाक्यांनी ओढून बसवली. टाके आमच्या सरांनी घातले, दुर्बीण मी धरली होती. पावणेतीन तास माझा हात हलला नाही. आधी नळी जवळजवळ पूर्ण मिटत होती, आता रडतानाही उघडी राहते. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मशीन निघालं. एवढ्या लहान बाळात हे असं जमणं सोपं नाही, भार्गवी. हा आनंद मानायला हवा.

मेंदूच्या तपासणीत काही ठिकाणी बदल दिसले, ते तुम्हाला सांगितलंच आहे. प्राणवायू किती वेळ कमी पडला ते कुणालाच नक्की माहीत नाही. वाढीवर लक्ष ठेवू. मुलं कधी कधी आश्चर्याचे धक्के देतात.

एक काम होतं. सर ऑक्टोबरमध्ये परिषदेत ही केस मांडणार आहेत. नाव, चेहरा काही येणार नाही. सोबत केसचा सारांश आणि संमतीपत्र पाठवते. खूण केलीय तिथे तुमच्यापैकी एकाची सही हवी.

तुझी,
देवश्री

*

संगमनेर,
६ मे २०२५

ती. देवश्रीताई,

सारांश वाचला. लॅबची बाई आहे, कागद तळापर्यंत वाचते.

“जन्मापासून श्वासाचा आवाज. पालकांनी सहा महिने तज्ज्ञांचा सल्ला घेतला नाही. रुग्ण उशिरा दाखल.”

ताई, हे कुणी लिहिलं? तुम्ही लिहिलंत, की तुमच्यासमोर कुणी लिहिलं आणि तुम्ही गप्प बसलात? आणि तुम्ही इतकं सोपं करून सांगितलेलं ते वाक्य, ‘दोष वरचा नाही, खालचा, श्वास सोडताना’, ते माझ्या दोन फेब्रुवारीच्या पत्रात आहे. आक्काबाईंच्या तोंडचं. तुम्ही त्यांना स्टेथोस्कोप पाठवणार होतात.

घरात काय चाललंय ते सांगते. त्या शनिवारी मी संघात होते. सासूबाईंजवळ तो रडायला लागला, खुळखुळा चालला नाही. त्यांनी डोक्यावर पाणी थापलं, मीठ-मोहरी ओवाळली, मग अवधूतला हाक मारली. हे त्या सांगत नाहीत. त्या सांगतात की आई घरी नव्हती. आल्यागेल्यासमोर म्हणतात, “दुधातली फॅट दिसते हिला, पोटचं पोर दिसलं नाही.” अण्णा म्हणतात, “देवश्रीला एका शब्दाने सांगितलं असतं तर?” मी म्हटलं, सांगितलं होतं. तर म्हणाले, “तसं नव्हे, नीट सांगायला हवं होतं.” अवधूत ऐकून घेतो. बोरन्हाणाला तुम्ही छातीला नळी लावलीत हे सगळ्यांनी पाहिलं, बेचाळीस जणांनी अंगठा दिला, आणि आज ते कुणालाही आठवत नाही. फोटोसुद्धा ग्रुपवरून गेलाय.

मला तुमच्याकडून माफी नकोय. मला त्या सारांशात एक ओळ हवीय, की सव्वीस जानेवारीला डॉ. देवश्री यांनी बाळाला तपासलं आणि काळजीचं कारण नाही असं सांगितलं. तुमचा शब्द या घरात वेदवाक्य आहे. तो शब्द तुमच्याच हातचा कागदावर आला, तर मी या घरात मान वर करून जगेन. नाहीतर आयुष्यभर मी ‘पोर मारता मारता राहिलेली आई’. ती ओळ आली की सही करते.

आणि आता दुसरं. हे मी अवधूतलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुमच्याकडून खरं मागायचं आणि माझं झाकून ठेवायचं हे मला जमत नाही.

त्या दिवशी तुम्ही म्हणालात तो साधूसारखा पडून होता. तो साधू नव्हता. सकाळी गुटी उगाळताना मी जायफळाचे एकाऐवजी सहा वेढे दिले. पाहुणे येणार, तुम्ही येणार, तो रडून निळा पडला तर सगळ्यांसमोर काय होईल, सासूबाई काय म्हणतील, ही भीती. ज्या एका माणसाला त्याचं रडणं दिसायला हवं होतं, त्याच माणसासमोर मी त्याला गुंगवून ठेवलं. मला तुमच्यासमोर शहाणं बाळ दाखवायचं होतं. पत्रात लिहायची हिंमत झाली नाही, नाहीतर तुम्ही कदाचित वेगळा विचार केला असता. सहाण मी आता पालथी घालून ठेवते.

म्हणजे निम्मं तुमचं, निम्मं माझं. माझं निम्मं मी रोज मांडीवर घेऊन बसते. मान अजून धरत नाही. दिवा फिरवला तर डोळे फिरत नाहीत. तुम्ही तुमचं निम्मं तेवढं कागदावर घ्या.

भार्गवी

*

पुणे,
२४ मे २०२५

प्रिय भार्गवी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. उत्तराला वेळ लागला, कारण मला सरांशी बोलावं लागलं.

सारांशातलं ते वाक्य निवासी डॉक्टरने लिहिलं होतं, अवधूतला विचारून. अवधूतने त्याला काय सांगितलं ते तू त्यालाच विचार. तुझं म्हणणं बरोबर आहे, ते वाक्य चुकीचं होतं. मी ते बदलून घेतलंय.

पण एक समजून घे. वैद्यकीय कागद आहे, त्यात अर्धं खरं लिहिता येत नाही. सव्वीस जानेवारी लिहायची तर त्या दिवशी लक्षणं का दिसली नाहीत, हेही लिहावं लागतं. उद्या कुणी तोच प्रसंग वाचून शिकेल. सरांचं तर म्हणणं पडलं की या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा धडा तोच आहे, की घरगुती गुटीने आजार झाकला जातो. मी काही वाढवून लिहिलेलं नाही. तूच लिहिलंस तेवढंच.

सुधारलेला सारांश अवधूतच्या नावे रजिस्टर पोस्टाने घरी पाठवलाय. हॉस्पिटलचा नियम तसा आहे, रुग्णाचा पालक म्हणून दाखल करताना त्याची सही आहे.

तू त्या दिवशी मला हे सांगितलं असतंस तर, एवढंच मनात येतं. मीही माणूस आहे, भार्गवी. गेल्या चाळीस रात्री मला नीट झोप नाही. आणि वीस वर्षांचं नाव बोरन्हाणातल्या एका चहाच्या कपापायी पणाला लागतं तेव्हा काय वाटतं, ते तुला कळणार नाही.

फिजिओथेरपी चुकवू नकोस. जुलैमध्ये तपासणीला आण, मी स्वतः वेळ काढते. बाहेर थांबायची गरज नाही, थेट आत ये.

देवश्री

*

संगमनेर,
१८ जून २०२५

देवश्रीताई,

कागद मिळाला. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. कबूल करते.

रजिस्टर पोस्ट अण्णांनीच सोडवलं. आपल्या घरी आलेला कागद ते मोठ्याने वाचतात, तुम्हाला ठाऊक आहे. जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी वाचला: “दि. २६ जानेवारी रोजी एका नातेवाईक डॉक्टरांनी बाळास अनौपचारिकरीत्या पाहिले. तत्पूर्वी आईने गुंगी आणणारा घरगुती पदार्थ नेहमीपेक्षा अधिक मात्रेत दिल्यामुळे लक्षणे आढळून आली नाहीत.”

तुम्ही ‘एक नातेवाईक’. मी ‘आई’. तुम्ही ‘पाहिले’, मी ‘दिले’. शब्द किती जपून निवडलेत हो! शाळेत अण्णांनी तुम्हाला व्याकरणात पैकीच्या पैकी दिले होते ते उगाच नाही.

मागितलेली ओळ तुम्ही दिलीत. त्या ओळीपाशी कुणी थांबलंच नाही. अण्णांनी पुढची ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला आणि ताट सारून उठले. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या सहाणेवर, आमच्याच डोळ्यांदेखत!” सहा वेढे देणं मला कुणी शिकवलं, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांच्या तीनही बाळंतपणांच्या गोष्टी मला पाठ आहेत. रात्री अवधूतने संमतीपत्रावर सही केली आणि सकाळी पोस्टात टाकलं. बापाची चालते, तुम्हीच लिहिलं होतं ‘तुमच्यापैकी एकाची’. आता ऑक्टोबरमध्ये कुठल्याशा हॉलमध्ये माझी गुटी पडद्यावर दिसेल. तुमची दुर्बीणही दिसेल. लोक टाळ्या वाजवतील, आणि वाजवायलाच हव्यात. त्याचा श्वास खरंच सुंदर चालतो, ताई. रात्री कान लावून बसते, काहीसुद्धा वाजत नाही. तुमचा हात हलला नव्हता.

मी तुम्हाला ते एकटीला लिहिलं होतं. कबुली म्हणून लिहिलं होतं, पुरावा म्हणून नाही. तुम्हाला दोन्हींतला फरक कळत नाही असं मी म्हणणार नाही. तुम्हाला चांगला कळला, आणि मग तुम्ही पुरावा निवडलात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला सांगणार? चाळीस रात्री झोप नाही, लिहिलंत. मी मोजायचं सोडून दिलंय.

संघाची नोकरी सोडली. कुणी सोडायला लावली नाही, पण सहाची पाळी संपवून घरी आलं की दारात सासूबाई त्याला माझ्याकडे देत नाहीत, आधी माझे हात बघतात. आठ दिवस सोसलं, नवव्या दिवशी राजीनामा दिला. तेव्हा लॅबच्या पत्त्यावर आता काही पाठवू नका. घरच्या पत्त्यावर तर नकोच.

जुलैच्या तपासणीला मी येणार नाही. परवा त्याला घेऊन नगरला गेले, अशा मुलांच्या केंद्रात. पहाटेची एसटी, मग रिक्षा, मग रांग. आमचा नंबर सत्तेचाळीस. शेजारी काष्टीहून आलेली म्हातारी नातवाला घेऊन बसली होती. तिने अगस्तीचे पाय दाबून बघितले, म्हणाली, “कितव्या म्हयन्यापासून हाय असं? आमचं जल्मापासून. तुमी आधी कुठं दावलं न्हाई का?” मी हसल्यासारखं केलं.

आत एक तरुण डॉक्टर होते. आडनाव ऐकून त्यांचं पेन थांबलं नाही. मूल कसं आहे याबद्दल त्यांना आधीपासून काही ठाऊक नव्हतं, त्यांनी ते मला विचारलं. “आई, पहिल्यापासून काय काय दिसलं, तुमच्या शब्दांत सांगा.” ताई, मला हे कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या वाक्याला मी रडले. ते “शांत व्हा” म्हणाले नाहीत. थांबले. मग मी सांगितलं, श्वास सोडतानाचा आवाज, ओठ, वीस आकडे, खुळखुळा, जायफळ, सगळं. ते लिहीत होते. जायफळालाही त्यांनी मान वर केली नाही. शेवटी म्हणाले, फार मोठी आशा लावत नाही, पण मान धरायला शिकवू, दर पंधरा दिवसांनी यावं लागेल. मी येईन म्हटलं.

केसपेपरवर एक रकाना राहिला होता. त्यांनी विचारलं, “मार्चच्या आधी कुणा डॉक्टरांनी तपासलं होतं का?”

तुमच्या कागदातलं ‘पाहिले’ मला पाठ आहे. मी म्हटलं, “नाही. कुणीच नाही.”

भार्गवी